उभ्या सायकलीचा ब्रेक

सायकल मी विकणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मधेच "अहो, मग विकून का नाही टाकली?" असं कुणी विचारायला नको. हा प्रश्न बायकोने विचारून झाला आहे, ऑफिसातल्या शेजारच्या टेबलाने विचारून झाला आहे, आणि आमच्या दंतवैद्याने तर माझ्या तोंडात आरसा आणि कापूस कोंबलेला असताना विचारला आहे. त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही, आणि त्याने ते मौन म्हणजे संमती असं धरून चांगल्या स्कूटरींची नावं सांगितली. मी दाढ तिथेच सोडून आलो, पण सायकलवरूनच घरी आलो.

आता सायकलच का, तेही एकदाच सांगतो. मी पाणीपुरवठा कचेरीत तक्रार विभागात आहे. दिवसभर लोक येऊन मला सांगतात की नळाला पाणी नाही, आणि ते मीच पिऊन बसल्यासारखे माझ्याकडे बघतात. ऑफिसात कुठल्या खुर्चीत बसायचं ते साहेब ठरवतात. घरात कुठल्या खुर्चीत बसायचं नाही ते बायको ठरवते. घर ते ऑफिस एवढ्या रस्त्यावर मात्र डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे मी ठरवतो. कधीकधी काही कारण नसताना मी उगाचच डावीकडे वळतो. ते मला फार आवडतं आणि ते मी सोडणार नाही.

तर या सायकलीचा पुढचा ब्रेक एके दिवशी किंचाळायला लागला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या सायकलीला डिस्क ब्रेक आहेत; मागचा केव्हाच निकामी झालाय, सगळी भिस्त पुढच्यावर. चाकाच्या मध्याशी पत्र्याची एक चकती असते. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन छोटे पॅड पुढे येतात आणि तिला चिमटीत पकडतात. पॅड झिजून संपले की पत्र्यावर पत्रा घासतो आणि असा आवाज निघतो की रस्त्यावरची माणसं आधी कानावर हात ठेवतात आणि मग बाजूला होतात. मला गर्दीत याचा फायदाच होत होता. पण फाटकातून आत आलो की समोर आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी राहतात, आणि त्यांना दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबवायची सवय आहे.

सेक्रेटरींचं खरं दुखणं आवाजाचं नव्हतंच. त्यांनी दुसरी गाडी घेतली होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. जागा एकच होती, फाटकाशेजारची सायकल शेड. एके काळी त्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. हळूहळू सगळ्यांच्या सायकली गेल्या, शेवटी माझी एकटी उरली. कमिटीच्या नियमात मात्र स्पष्ट लिहिलेलं आहे की ब्रेकसह चालू स्थितीतली एक जरी सायकल असेल, तरी शेड हलवता येणार नाही. म्हणजे सेक्रेटरींची दुसरी गाडी आणि तिची जागा यांच्यामध्ये जगात फक्त मी उभा होतो.

सेक्रेटरी आम्हा सगळ्यांना मजल्यांवरून ओळखतात. "काय तिसरा मजला," ते जिन्यात मला अडवून म्हणाले, "सायकल फार ओरडते हो तुमची. ब्रेक गेले वाटतं?"

"गेले नाहीत. थकलेत."

"तेच ते. येत्या रविवारी सभा आहे. विषय घेतलाय मी. त्या दिवशी सगळ्यांसमोर चालवून दाखवा. थांबली तर तुमची शेड, नाही थांबली तर..." पुढचं वाक्य त्यांनी आपल्या नव्या गाडीकडे प्रेमाने बघत पूर्ण केलं.

मी घरी आलो आणि जेवता जेवता घोषणा केली की पॅड मी स्वतः निवडणार आणि स्वतःच्या हाताने बसवणार.

"आणि शेड गेली तर?" बायकोने विचारलं.

"जाणार नाही."

"गेली तर म्हणते मी. कारण सायकल वर घरात येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. इथे आधीच एक व्यायामाचं यंत्र आहे, ज्यावर मी टॉवेल वाळत घालते."

ते यंत्रही मीच आणलं होतं. पण एवढं कळलं की शेड गेली की सायकल गेली. मधला रस्ता नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून सायकलच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. काउंटरमागे दुकानदार हनुवटी तळहातावर ठेवून बसला होता आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'उभ्या सायकलींचे ब्रेक दाबू नयेत. ही विनंती नाही.' मला ती उद्धट वाटली. ती वाचत असताना शेजारी उभ्या असलेल्या कोऱ्या सायकलीचा ब्रेक मी दाबून पाहिला. चांगला होता.

"पाटी वाचली का?" दुकानदाराने विचारलं.

"वाचली की."

"बरं. काय पाहिजे?"

"ब्रेकचे पॅड."

"आकार?"

"लहान असतात."

त्याने एक खण ओढला. मी चाटच पडलो. चौकोनी, गोल, कान असलेले, कान नसलेले, एक शेपटी, दोन शेपट्या, एक तर अगदी दाढेसारखा. सगळे लहान. ते बघून मला वाटलं, जगातल्या प्रत्येक ब्रेक बनवणाऱ्याने शेजारच्याचं तोंड बघणार नाही अशी शपथ घेतली असावी.

"नमुना आणा," दुकानदार म्हणाला आणि खण लावून टाकला. "जुना पॅड काढून आणा. त्याशिवाय मी देत नाही, आणि दिला तर परत घेत नाही. शिवाय ठरवून या, मऊ पाहिजे की धातूचा. मऊ शांत असतो, लवकर पकडतो, लवकर झिजतो. धातूचा टिकतो, पण ओरडतो."

म्हणजे पॅड आणायचे तर आधी पॅड काढायचे, आणि पॅड काढले की सायकल चालवायची नाही. म्हणजे सायकलचा पॅड घेऊन बसने यायचं. आमच्या कचेरीतही असंच असतं, नळाला पाणी नसल्याचा पुरावा म्हणून आम्ही लोकांना पाण्याचा नमुना आणायला सांगतो. त्यामुळे मी वाद घातला नाही.

संध्याकाळी शेडमध्ये बसून मी जुने पॅड काढले. ते काढताना बिल्डिंग हळूहळू जमा झाली. बिल्डिंगीत कुणी पाना हातात घेतला की लोकांना कसा वास येतो कोण जाणे. सर्वांत आधी आले तळमजल्यावरचे निरीक्षक. हे वजन-मापं खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते भाजीवाल्याकडे स्वतःचं वजन घेऊन जातात. कमिटीच्या सभेचा वृत्तान्तही तेच लिहितात आणि सभेत कुणी शिंकलं तरी नोंद करतात.

"धातूचाच घ्या," निरीक्षक म्हणाले. "मऊ म्हणजे फसवणूक. आज आहे, उद्या नाही."

"मऊ घ्या हो," पहिल्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून म्हणाल्या. "आमच्या कानांचा तरी विचार करा."

"ओलं झालं की मऊ घसरतो," निरीक्षक वर बघून म्हणाले.

"तुम्ही कधी बसलाय का सायकलवर?" काकूंनी विचारलं.

निरीक्षकांनी माझा पाना उचलून त्यावरचा आकडा वाचला. बघता बघता मऊवाले आणि धातूवाले असे दोन पक्ष पडले. ज्यांच्या घरी खेळण्यातलीसुद्धा सायकल नव्हती ते तावातावाने बोलत होते. मी काय घ्यावं हे मला कुणी विचारलं नाही. म्हणून मी सगळ्यांदेखत जाहीर केलं की मी धातूचा घेणार. मला तो आवडला होता म्हणून नव्हे. तो ओरडतो आणि सेक्रेटरींची खिडकी फाटकासमोर आहे म्हणून.

बसने गेलो, नमुना दाखवला, धातूचे पॅड घेतले, बसने आलो. शेडमध्ये बसलो आणि पॅड आत सरकवायला गेलो, तर ते जाईनात. जुने जिथून अलगद निघाले तिथे नवे शिरायलाच तयार नाहीत. तिरके करून पाहिले, जोर लावून पाहिला, अंगठ्याचं सालटं काढून पाहिलं. निरीक्षक खिशातून मोजपट्टी काढून आले, पॅड मोजला, फट मोजली आणि म्हणाले, "फट कमी आहे." हे मलाही दिसत होतं, पण त्यांनी ते मोजून सांगितलं याचंच त्यांना समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बस, पुन्हा दुकान.

"जाड दिलात तुम्ही," मी म्हणालो.

"जुना झिजलेला असतो, नवा जाडच असणार," दुकानदार म्हणाला. मग त्याने हनुवटी तळहातावरून उचलली. "एक सांगा. पॅड काढल्यावर ब्रेक कुणी दाबला होता का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या सायकलीला," मी दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही!"

"मग मऊ नेऊन बघा," तो म्हणाला, आणि हनुवटी परत ठेवली.

मऊही गेले नाहीत. मग मी हट्टाने तिसऱ्या आकाराचे नेले, ते एवढे लहान की आत पडले आणि चिमट्याने काढावे लागले. आता माझ्याकडे पॅडच्या तीन पुड्या होत्या, सोललेला अंगठा होता, आणि ऑफिसात रजेची कारणं संपत आली होती. साहेबांनी विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?" मी खरं तेच सांगितलं, की पुढचं चाक. त्यांनी दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी सेक्रेटरींची नवी गाडी शेडच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तोंड शेडकडे. त्यांनी शेडच्या खांबाला एक हार घालायचंच बाकी ठेवलं होतं. ते पाहून मला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. कधीच कुणाच्या वाटेला गेलो नाही, कुणाची जागा मागितली नाही, एका सायकलीपुरतं छप्पर आहे माझं, आणि तेही या माणसाच्या डोळ्यांत खुपतं! मी बाल्कनीत खुर्ची टाकून शेडकडे टक लावून बसलो. बायकोने चहा आणून दिला. खुर्ची चुकीची होती, तरी काही बोलली नाही.

आणि मग मला ते दिसलं.

निरीक्षक दूध घेऊन फाटकातून आले. शेडजवळ थांबले, माझ्या सायकलीकडे पाहिलं, ब्रेकची दांडी हाताने दाबली, "हं" म्हणाले आणि गेले. पाठोपाठ पेपरवाला आला. त्याने दोनदा दाबली. पहिल्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या, इकडे तिकडे पाहिलं, दाबली. इस्त्रीवाल्याने हातातलं बोचकं खाली ठेवून दाबली. शेवटी सेक्रेटरी स्वतः आले. कुठेतरी निघाल्यासारखे गाडीकडे चालले होते, पण सायकलीपाशी पाय अडखळला, हात आपोआप गेला, दांडी दाबली आणि मान हलवून स्वतःशीच मोठ्याने म्हणाले, "ढिला आहे."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या पाटीतला उद्धटपणा एकदम नाहीसा झाला. आपल्याकडे उभी सायकल दिसली आणि तिचा ब्रेक न दाबता पुढे गेला असा माणूस जन्माला यायचा आहे. मुलगी बघायला गेलेला माणूससुद्धा दारातल्या सायकलीचा ब्रेक दाबून मग चपला काढतो. आणि पॅड नसताना ब्रेक दाबला की आतले दोन दट्टे, जे पॅडना ढकलतात, ते पुढे येऊन बसतात. दर वेळी थोडे आणखी. आठवडाभर अख्खी बिल्डिंग येता-जाता माझी फट बुजवत होती!

मी ताडकन उठलो. "सगळ्यांनी दाबला! एकूणएक! पेपरवाल्याने दोनदा!"

"मी एकदाच दाबला," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"भाजी घेऊन येताना," ती म्हणाली. "सहज."

पुढचं काम मात्र तिनेच सुचवलं. दट्टे पुढे आले असतील तर मागे ढकलायचे, त्यात काय एवढं, झाकण घट्ट बसलं की आपण उलथन्याच्या दांड्याने उचकटतोच की. आम्ही दोघं तिचं लाकडी उलथनं घेऊन खाली गेलो, चाक काढलं, आणि दांडा आत घालून हलके हलके दट्टे मागे रेटले. मी पकडत होतो, ती रेटत होती. आमच्या लग्नानंतर आम्ही एकत्र केलेलं आणि भांडण न झालेलं हे मला आठवणारं पहिलंच काम.

"कुठले बसवू?" मी पुड्या पुढे धरल्या.

"लवकर पकडतो तो कुठला?"

"मऊ. पण तो ओरडत नाही."

"अहो, उद्या सकाळी सभा आहे. ओरडायचं काम तुम्ही करा."

मऊ पॅड अलगद आत गेले, चाक परत बसलं. रात्रीतून पुन्हा कुणी दाबायला नको म्हणून मी ब्रेकच्या दांडीवर बायकोचा जुना दुपट्टा गुंडाळून गाठ मारली आणि वर गेलो.

नव्या पॅडची एक खोड असते. ते लगेच पकडत नाहीत. बऱ्याचदा हलके हलके दाबून त्यांची चकतीशी ओळख करून द्यावी लागते. रविवारी पहाटेपासून मी बिल्डिंगभोवती सायकल फिरवत होतो. जरा वेग घ्यायचा, दाबायचं, पुन्हा वेग, पुन्हा दाबायचं. खिडक्या उघडत होत्या. "हे काय चाललंय?" कुणीतरी विचारलं. "ओळख करून देतोय," मी म्हणालो, आणि खिडकी बंद झाली.

पण ओळख पुरती व्हायच्या आत सभा भरली. फाटकातून पार्किंगपर्यंत उतार आहे. उताराच्या तळाशी टेबल, टेबलामागे सेक्रेटरी, बाजूला वही घेऊन निरीक्षक, आणि टेबलाच्या अलीकडे निरीक्षकांनी स्वतः मोजून खडूने काढलेली रेष.

"या रेषेच्या आत थांबायचं," सेक्रेटरी म्हणाले. "जमत नसेल तर तसं सांगा. विषय संपवू."

"टेबल सरकवणार का?" मी विचारलं.

"का? ब्रेक आहेत ना?"

लोक हसले. मग मीही टेबल सरकवा म्हणालो नाही. फाटकापर्यंत सायकल नेली आणि निघालो. उतारावर मला वाटलं होतं त्यापेक्षा वारा जास्त लागला. ब्रेक दाबला. पॅडनी पकडलं, पण नव्या सुनेसारखं जरा संकोचाने. रेष आली, रेष गेली, आणि पुढचं चाक टेबलाला अलगद टेकलं. निरीक्षकांचं पेन घरंगळत खाली पडलं. आवाज मात्र अजिबात झाला नाही.

"रेषेच्या पुढे!" सेक्रेटरी उभे राहिले. "सगळ्यांनी पाहिलं ना? लिहा निरीक्षक, सायकलीला ब्रेक नाही. शेडचा विषय..."

मी तोंड उघडलं. सांगायचं बरंच होतं. पण काकूंच्या मागून बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच टेबलाकडे खूण केली. सायकल शांतपणे वळवली, सेक्रेटरींच्या अगदी हाताशी आणून साइड स्टँडवर लावली, ब्रेकची दांडी त्यांच्या बाजूला ठेवली आणि दोन पावलं मागे सरलो.

"...शेडचा विषय तर गेली दोन वर्षं रखडलाय," सेक्रेटरी बोलत होते. "आपल्याला आधुनिक व्हायचंय की नाही?" त्यांची नजर एकदा सायकलीकडे गेली. "पार्किंगचा प्रश्न सगळ्यांचा आहे." नजर परत गेली. उजवा हात टेबलावरून उचलला गेला. पेपरवाला फाटकात उभा राहून बघत होता, तोही मान पुढे करून थांबला. "माझा एकट्याचा नाही," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांचा हात दांडीवर पडला. दाबली. सायकल पुढे ढकलून पाहिली. ती हलली नाही. पुन्हा ढकलली.

"कडक आहे," सेक्रेटरी म्हणाले.

निरीक्षक पेन उचलून लिहीत होते.

"हे काय लिहिताय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सेक्रेटरींनी ब्रेक स्वतः तपासला. कडक आहे," निरीक्षकांनी वाचून दाखवलं. "तुम्हीच म्हणालात."

"ते मी सहज म्हणालो!"

"माझ्या वहीत सहज असा रकाना नाही," निरीक्षक म्हणाले, आणि मग स्वतः उठून आले आणि दाबून बघितला. "हं." त्यांच्यामागे काकू आल्या, मग दुसरा मजला सगळाच्या सगळा. एकेक जण येऊन दाबत होता, ढकलत होता, मान डोलवत होता. पेपरवाल्याने दोनदा दाबला. शेड राहिली.

आता रोज सकाळी मी बाल्कनीत चहा घेतो. चुकीच्याच खुर्चीत बसून घेतो. खाली सेक्रेटरी गाडीकडे निघतात, शेडजवळ त्यांची चाल मंदावते, कुणी बघत नाही ना हे बघून हात जातोच. मी वर आहे हे त्यांना माहीत नाही. सुरुवातीला त्या दुकानदारासारखी पाटी लावावी असं मला वाटलं होतं. नाही लावली. खुशाल दाबा म्हणावं, रोज दाबा. आता आत पॅड आहेत.